फ्रँकची भिंत

नमस्कार मंडळी.

बसा, बसा. मी उभी राहिले म्हणून तुम्ही उठू नका. शनिवारची दुपार मोडून आलात. जर्सी सिटीत पार्किंग मिळत नाही, तरी आलात. माधवना आनंद झाला असता. त्यांना माणसं आवडायची.

मी कागदावर लिहून आणलंय. मला भाषण येत नाही. मी सातवी पास. पुढचं जे काही आलं ते इथल्या लायब्ररीतून आणि आपल्या मंडळाच्या कपाटातून. मला बोलायची सवय नाही, वाचायची आहे. म्हणून वाचते.

बोलणं कठीण आहे. रडू फुटेल याची भीती नाही, ते घरी होतं आणि होत राहील. कठीण अशासाठी की माझ्या आधी तिघंजण बोलले आणि तिघंही खोटं बोलले.

रागावू नका. शोकसभेत थोडं खोटं बोलायचं असतं. मीही बोलले आहे, तुमच्यातल्या काहींच्या घरच्यांबद्दल.

कुलकर्णीकाका म्हणाले, माधव निर्व्यसनी होते. शैलाताई म्हणाल्या, ऑफिस आणि घर, घर आणि ऑफिस, तिसरी जागा नव्हती त्या माणसाला. आणि प्रकाश, आपला अध्यक्ष, म्हणाला की काकूंनी शेवटची तीन वर्षं जी सेवा केली तिला तोड नाही. म्हणून येत्या गणपतीत मंडळ काकूंचा सत्कार करणार. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शोकसभेत टाळ्या. असू दे.

आता मी एकेक सांगते.

माधव प्यायचे. रोज दोन ग्लास बिअर. पावणेसहा ते साडेसात, सोमवार ते शुक्रवार, तीस वर्षं. दोनाचे तीन कधी झाले नाहीत आणि एकही कधी झाला नाही. ऑफिस आणि घर यांच्यामध्ये एक गल्ली होती, शैलाताई, आणि त्या गल्लीत एक पब होता.

ट्रेनच्या स्टेशनातून वर आलं की मोठा रस्ता सोडायचा आणि टायरच्या दुकानामागे वळायचं. तिथे एक हिरव्या काचेची खिडकी होती. पाटी एवढी लहान की ज्याला माहीत आहे त्यालाच दिसावी. फ्रँक नावाचा माणूस तो चालवायचा. त्याच्या आधी त्याचा बाप चालवायचा. तुम्ही त्याला पब म्हणाल. मी गुत्ता म्हणायचे. तीस वर्षं गुत्ताच म्हणत आले.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा रेवा पोटात होती. किल्ली आत राहिली आणि दार लागलं. दुसरी किल्ली ह्यांच्याकडे. मोबाइल नव्हते. सात महिन्यांचं पोट घेऊन, अंगावर साडी, वरून ह्यांचा जुना कोट, अशी मी त्या गल्लीत शिरले. दार ढकललं. आत बिअरचा आणि ओल्या फरशीचा वास. सगळ्या माना वळल्या. हे घाईनं स्टुलावरून उतरले आणि म्हणाले, "ही माझी बायको."

कोपऱ्यात एक पोस्टमन बसला होता. तो म्हणाला, "म्हणजे ती खरंच आहे! आम्हाला वाटायचं, मॅडी घरी लवकर जायला कारण सांगतो."

मॅडी म्हणजे हे. सगळे हसले. हेही हसले. मंडळी, हे हसले तसं हसताना मी त्यांना लग्नाच्या तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. डोकं मागे टाकून. तोंड उघडं. फ्रँकनं माझ्यासाठी स्टूल पुसलं, आल्याचा सोडा दिला, वर एक लाल चेरी टाकली. चांगली वागली ती माणसं. पण मी किल्ली घेतली आणि निघाले. रस्ताभर मला एकच प्रश्न होता. हे हसणं घरी का येत नाही?

तो प्रश्न मी पुढे कधी विचारला नाही. मनात ठेवला. मनात ठेवलेल्या गोष्टीचं काय होतं ते ऐका.

फ्रँकच्या पबात एक भिंत होती. काउंटरच्या मागे, पैशांच्या मशीनच्या वर. त्यावर चौकटीत माणसांचे फोटो. नट नाहीत, खेळाडू नाहीत. तिथे रोज येणारी माणसं. गोदीतला एक मुकादम. आग विझवणारे दोघं भाऊ. समोरच्या सलूनमधली एक म्हातारी. नियम असा, की फोटो लावा असं कुणी मागायचं नाही. फ्रँकला वाटलं की तो एक दिवस ग्लास ठेवता ठेवता म्हणायचा, "उद्या फोटो घेऊन ये." बस. तेवढं झालं की तुम्ही त्या गल्लीचे.

ह्यांना तो कधीच म्हणाला नाही.

ह्यांच्या नंतर आलेली माणसं भिंतीवर गेली. ह्यांच्या शेजारी बसणारा पोस्टमनही भिंतीवर गेला. एकदा, फक्त एकदा, ह्यांनी थट्टेच्या सुरात विचारलं. फ्रँक म्हणाला, "भिंत भरली, मॅडी." पुढच्या महिन्यात दोन नवीन फोटो लागले.

हे मला माधवनीच सांगितलं. हसून सांगितलं, जेवताना. मी पोळी वाढत होते. मी काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, "बघा. गुत्त्याच्या भिंतीलासुद्धा नको झालात तुम्ही."

ते म्हणाले, "अगं, भिंतच लहान आहे."

मग मी ते वाक्य ठेवून दिलं आणि लागेल तेव्हा काढलं. प्रमोशन हुकलं तेव्हा काढलं. रेवाच्या कॉलेजच्या समारंभाला चुकीच्या गेटवर उभे राहिले तेव्हा काढलं. तुमच्यापैकी काहींच्या देखत काढलं आणि तुम्ही हसलात. मंडळात कुणाला माहीत नव्हतं, असं आज कुणी म्हणू नका.

मग फ्रँकचे गुडघे गेले. तो पब विकून मुलीकडे फ्लोरिडाला गेला. टायरचं दुकान गेलं, तिथे कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान आलं. वर चाळीस मजली इमारत आली. गल्ली तीच, आकाश गेलं. पबच्या नव्या मालकांनी बाहेरची जुनी पाटी तशीच ठेवली, कारण जुनं आता चालतं म्हणे. आत मात्र प्लास्टर खरवडून विटा उघड्या केल्या, तारेला दिवे टांगले, टेबलं एवढी उंच केली की माझ्यासारखीचे पाय लोंबतात. ग्लासात काकडी आणि रोझमेरीची काडी. नाव ठेवलं, माणसं काढली.

भिंतीवरचे फोटो उतरवले त्या संध्याकाळी ह्यांनी सांगितलं, "बाहेर कचऱ्याचा कंटेनर होता. सगळे त्यात होते. पोस्टमन वरच होता." आणि भात कालवला. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला परत तिथेच गेले. काकडी काढून ठेवायचे आणि प्यायचे. जाणं सोडलं नाही.

आणि मग तो आजार आला. विसरण्याचा. तुम्हाला माहीत आहे, पुष्कळ जणांनी डबे आणलेत, मी विसरलेले नाही. पण पबात काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचा ग्लास आपला समजून प्यायले. मग तिथल्या मॅनेजर बाईला फ्रँक म्हणून हाक मारली. मग एकदा काउंटरच्या मागे गेले, टीव्हीचा चॅनल बदलायला. फ्रँकच्या वेळी रोजची माणसं स्वतःच बदलत. आता त्या जागी टीव्हीच नव्हता. हे विटांवर हात फिरवत बटण शोधत राहिले. पोरंपोरी हसली, कुणीतरी व्हिडिओ काढला. मॅनेजरनं मला फोन केला. डॅना तिचं नाव. चांगली मुलगी.

मी हे प्रकाशला सांगितलं. प्रकाश, तू माझ्या स्वयंपाकघरात पोहे खात होतास. तू म्हणालास, "काकू, सिंपल आहे. बारवाले लिस्ट ठेवतात. फोटो देऊन या. काउंटरमागे लावतात. मग त्या माणसाला सर्व्ह करत नाहीत. टेन्शनच नाही."

तुझ्यावर ढकलत नाही मी. तू रस्ता दाखवलास. चालले मी.

फोटो कुठला द्यायचा? माझ्या फोनमध्ये चेहरा स्वच्छ दिसेल असा एकच होता. मंडळानं ज्येष्ठांचा सत्कार केला त्या दिवसाचा. खांद्यावर शाल, हातात नारळ, कपाळाला कुंकवाची उभी बोटं. तोच आता माझ्या मागे टेबलावर हार घालून ठेवलाय. वळून बघू नका, तोच आहे. मी तो छापून घेतला आणि डॅनाला नेऊन दिला.

डॅनानं विचारलं, "त्यांना बसू द्यायचं का? बिअर देत नाही. पाणी देऊ, सोडा देऊ. अर्धा तास बसले तर मला चालेल."

इथे मी थांबते थोडी. पाणी नको प्रकाश, बरी आहे मी.

तर ती म्हणाली, मला चालेल. आणि मी म्हणाले, "नको. दारातूनच परत पाठवा."

का म्हणाले? तब्येतीसाठी? सोड्यानं तब्येत बिघडत नाही. त्यांनी हरवू नये म्हणून? हरवायला चार गल्ल्या चालत जावं लागतं, आणि ते चालणं मी बंद केलंच नाही. मी पुस्तकं वाचणारी बाई आहे. शब्द नेमका वापरावा एवढं शिकले. तुम्ही त्याला सेवा म्हणालात. तो सूड होता. जे हसणं माझ्या घरी आलं नाही, ते आता तिथेही नको, एवढंच. माणूस धट्टाकट्टा होता तेव्हा हिंमत झाली नाही. हतबल झाला तेव्हा केलं.

तर हे रोज पावणेसहाला निघायचे. मी मागून, अंतर ठेवून. कुत्र्यांच्या दुकानापाशी मी थांबायचे. हे दार ढकलायचे. डॅना किंवा दुसरं कुणी पुढे यायचं, खांद्याला हात लावून काहीतरी सांगायचं. हे ऐकायचे. मग तिच्या खांद्यावरून आत बघायचे. बराच वेळ. आणि परत फिरायचे ते हसत. मला कळेना, हाकललेला माणूस हसतो कसा?

ते एकदा रात्रीच्या जेवणाला कळलं.

"अगं," ते म्हणाले, "माझा फोटो लावलाय."

मी भात वाढला.

"फ्रँकनं लावला. न मागता लावला. शाल घेतलेला. नारळासकट! जागा झाली असेल भिंतीवर."

"मग आत का नाही बसलात?"

"आज गर्दी होती. उद्या या म्हणाले."

मंडळी, तिथे काउंटरमागे सात-आठ फोटो आहेत. कॅमेऱ्यातून काढलेले, धुरकट. दारू पिऊन मारामारी केलेली पोरं, बायकांना त्रास देणारे. आणि त्यांच्या मधोमध हे. शाल, श्रीफळ, कुंकू. ह्यांना काय वाटणार? तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं, असंच वाटणार.

एखाद्या बाईनं काय केलं असतं? "हो का, छान झालं," म्हणाली असती आणि वरण वाढलं असतं. हो ना?

मी म्हणाले, "तो कौतुकाचा फोटो नाही. मी दिलाय. तुम्हाला आत घेऊ नये म्हणून दिलाय. तिथे दारुड्यांचे फोटो असतात, त्यांच्यात तुम्ही आहात."

हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. "असं होय," म्हणाले. परत म्हणाले, "असं होय." उठून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सगळं पुसलेलं. पावणेसहाला निघाले. हसत परत आले. "अगं, माझा फोटो लावलाय."

मी परत सांगितलं. तेच. त्याच शब्दांत.

मी त्यांना चार वेळा सांगितलं. पहिल्यांदा रागानं. दुसऱ्यांदा वाटलं, आता लक्षात राहील. तिसऱ्यांदा... इथे कागदावर मी दोनदा लिहून खोडलंय. तिसऱ्यांदा मला त्यांचा चेहरा पडताना बघायचा होता. हे मी तुमच्यासमोर म्हणते आहे, कारण घरात म्हणून पाहिलं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

चौथ्यांदा त्यांनी घास खाली ठेवला नाही. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुंदा, मी काय केलं होतं तिथे?"

मी म्हणाले, "काही नाही. जेवा."

त्यानंतर नाही सांगितलं. ते रोज म्हणायचे, फोटो लावलाय. जानेवारीपर्यंत रोज. मी म्हणायचे, "हो का?" एवढंच. "छान झालं," हे दोन शब्द जास्तीचे होते, ते मला जमले नाहीत. रोज संधी होती. रोज नवी कोरी.

मग न्यूमोनिया. नऊ दिवस. थंडीत त्या दारापर्यंत जाण्याचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं होतं.

मंगळवारी मी तिथे गेले. गल्लीत थांबले नाही, आत गेले. डॅनानं ओळखलं. मी सांगितलं, गेले. तिनं तोंडावर हात ठेवला. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "मॅम, तुम्ही सांगितलंत तसंच केलं आम्ही. एकदाही चुकलो नाही. पावसातसुद्धा नाही." एकदाही नाही. मी तिला थँक्यू म्हणाले.

फोटो तिथेच होता. ती तो काढायला वळली. मी म्हणाले, थांब. चौकट करून देते. समोरच्या विटांच्या भिंतीवर लावशील? तीस वर्षं येत होते.

तिला वाईट वाटलं, दिसत होतं. म्हणाली, "भिंतीवर काही लावायचं नाही, मालकांचा नियम आहे. लूक बिघडतो. फोटो फक्त इथेच लागतात. मनाई असलेल्यांचे."

मी बघत राहिले. मग म्हणाले, "मग मनाई उठवू नका."

"पण मॅम, ते तर..."

"उठवू नका."

तिनं वही काढली. म्हणाली, इथे मुदत लिहावी लागते, सहा महिने, एक वर्ष. काय लिहू?

मी म्हणाले, "कायमची."

तिनं लिहिलं. फोटोचा एक कोपरा सुटला होता, तो तिनं नव्या चिकटपट्टीनं नीट बसवला. मी आल्याचा सोडा मागितला नाही. स्टुलावर बसले नाही. घरी आले.

तर मंडळी, त्या गल्लीत गेलात तर ते दिसतील. चांगुलपणा म्हणून कुणी तो फोटो काढायला लावू नका. तिथे राहायचा दुसरा मार्ग त्यांना कुणी दिला नाही. फ्रँकनं दिला नाही, मी दिला नाही.

प्रकाश, तो सत्कार रद्द कर. रुसवा नाही. खांद्यावर शाल घेऊन, हातात नारळ धरून मी फोटोला उभी राहू शकत नाही. तुला आता कळलं असेल.

रेवा, तू पहिल्या रांगेत बसली आहेस आणि तुला यातलं निम्मं समजलंय. घरी गेल्यावर इंग्रजीत सांगते. तिसरी वेळसुद्धा सांगते. मग तू मला आई म्हणून फोन करायचा की नाही ते तू ठरव. मी वाट बघेन, पण मागणार नाही.

मी ह्यांची माफीही मागितली नाही. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात रात्रंदिवस शेजारी होते, मागता आली असती. ते लगेच "बरं" म्हणाले असते आणि सकाळी विसरले असते. मी मात्र माफ झाल्यासारखी जगले असते. असं फुकटात सुटायचं नव्हतं मला. तुमच्याकडेही मागत नाही. तुम्ही चांगली माणसं आहात, तुम्ही देऊन टाकाल.

आता उठा. ह्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहू या. मी घड्याळ बघणार आहे, पूर्ण दोन मिनिटं. मध्ये कुणी माझा हात धरायला येऊ नका.